वेगाचा दंड : दोन हजारांची गोष्ट नव्हे

गेल्या आठवड्यात संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलो होतो. वाडीवरचा एक टेम्पोवाला आला. बाजाराला भाजी पोचवायची, हा त्याचा धंदा. त्याने मोबाइल पुढे केला.

"गुरुजी, हे काय आलंय बघा. पैसे मागतायत."

आम्ही म्हटले, "अरे, आता तुला वाचता येतं ना? मग तूच वाच."

त्याने बोट ठेवून सावकाश वाचले. गाडीचा नंबर त्याचाच. तारीख, वेळ आणि रस्त्याचे नाव बरोबर. वेगाची मर्यादा ६०, गाडीचा वेग ८०. दंड २,००० रुपये.

"हात्तिच्या! दोन हजारच ना? दोन खेपांत निघतील," तो म्हणाला.

इथेच त्याचे चुकले. दंड ही पहिली पायरी आहे. पुढच्या पायऱ्या आम्ही त्याला सांगितल्या. त्याच तुम्हांलाही सांगतो.

पहिली पायरी : दंड

आपल्या देशात मोटार वाहन कायदा, १९८८ लागू आहे. २०१९ साली तो बराच कडक झाला. मर्यादेपेक्षा जास्त वेगाने हलकी गाडी चालवली, तर १,००० ते २,००० रुपये दंड होतो. मोठा ट्रक किंवा बस असेल, तर २,००० ते ४,००० रुपये. आपल्या नोकराला वेगाने गाडी हाकायला लावणारा मालकही दोषी ठरतो. "लवकर पोच, नाहीतर भाडं कापीन," असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

दुसरी पायरी : लायसन

हाच गुन्हा पुन्हा केला, तर कायदा दंडावर थांबत नाही. लायसन जप्त होते आणि आरटीओ कार्यालयाकडे जाते. तिथले अधिकारी चालकाचे म्हणणे ऐकून घेतात. पण ते पटले नाही, तर लायसन तीन महिने बंद होऊ शकते. पुढच्या वेळी ते कायमचे रद्दही होऊ शकते. आता सांगा, ज्याचे पोट गाडीवर आहे, त्याने तीन महिने काय करावे? कर्जाचा हप्ता तर थांबत नाही.

तिसरी पायरी : तुरुंग

शाळा सुटली आहे, किंवा आठवडी बाजार भरला आहे. अशा गर्दीत लोकांच्या जिवाला धोका होईल अशी गाडी चालवली, तर तो वेगळा गुन्हा होतो. पाटीवरचा आकडा पाळला, एवढ्याने सुटका होत नाही. या गुन्ह्याला पहिल्याच वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

आणि कुणाचा जीव गेला तर? १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडवला, तर तिच्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंडही सांगितला आहे. अपघात झाला तर पळू नये. जखमी माणसाला दवाखान्यात न्यावे आणि पोलिसांना कळवावे. हे चालकाचे कर्तव्यच आहे.

तुमचाही हक्क आहे

कायदा एकतर्फी नाही, बरं का. "मला वाटलं, गाडी जोरात होती," एवढ्या एका माणसाच्या शब्दावर वेगाची शिक्षा होत नाही. वेग यंत्राने मोजलेला असावा लागतो. गाडी तुमची नसेल किंवा नंबर चुकला असेल, तर तक्रार करा. दंड मान्य नसेल, तर कोर्टात म्हणणे मांडता येते. पण कागद फेकून देऊ नका. न भरलेला दंड विरत नाही, तो कोर्टापर्यंत जातो.

आणखी एक. चोरटेही हल्ली दंडाचे खोटे संदेश पाठवतात. म्हणून आलेल्या संदेशावर लगेच बोट दाबून पैसे भरू नका. आधी वाहतूक पोलिसांकडे खात्री करून घ्या. पैसे भरले की पावती जपून ठेवा.

शेवटचा हिशेब

सगळे ऐकून टेम्पोवाला गप्प झाला. मग आम्ही त्याला एक हिशेब घातला. "बाजार २० किलोमीटर. ताशी ६० ने गेलास तर किती वेळ लागेल?"

तो बोटे मोजून म्हणाला, "वीस मिनिटं."

"आणि ८० ने?"

"पंधरा."

"मग वाचली किती?"

"पाच मिनिटं, गुरुजी." थोडे थांबून तो म्हणाला, "पाच मिनिटांसाठी लायसन घालवायचं म्हणजे..."

पुढचे त्याने बोलून दाखवले नाही. दुसऱ्या दिवशी त्याने खात्री करून दंड भरला आणि पावती आम्हांला वाचून दाखवली.

वाचकहो, रस्त्यावरची वेगाची पाटीही आता तुम्हांला वाचता येते. ती वाचा आणि पाळा. भाजी पाच मिनिटे उशिरा पोचली तर चालेल. घरचा माणूस मात्र घरी परत आला पाहिजे.