संकटकाळचा अधिकारी कसा असावा?

आजचा विषय दिसण्यांत सरकारी कचेरींतला आहे, परंतु तो प्रत्येक घराच्या उंबरठ्याशीं येऊन भिडणारा आहे. पूर, वादळ, भूकंप असें एखादें अरिष्ट कोसळलें म्हणजे ज्या खात्याकडे आपण डोळे लावून बसतों, त्या खात्याच्या माथ्यावर कोणता मनुष्य बसवावा, हा तो विषय होय. ज्यानें तें काम हयातभर केलें आहे तो बसवावा, कीं ज्यानें निवडणुकींत पक्षाची सेवा केली आहे तो बसविला तरी चालेल? प्रश्न असा मांडला कीं उत्तर अगदीं सोपें वाटतें. पण राज्यकारभारांत हें सोपें उत्तर वारंवार विसरलें जातें, आणि त्याची किंमत भलत्यांनाच मोजावी लागते.

मी एक सेवानिवृत्त शाळामास्तर, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. या विषयांतील पंडित म्हणून मी बोलत नाहीं. बोलण्यास कारण घडलें तें असें. २००५ सालच्या पावसाळ्यांत कृष्णेला मोठा पूर आला, तेव्हां आमच्या नदीकांठच्या गांवची शाळा हेंच पूरग्रस्तांचें आश्रयस्थान झालें. वर्गांतलीं बाकें भिंतीशीं रचून आम्हीं माणसांची सोय केली. व्यवस्थेसाठीं वरून एक गृहस्थ पाठविण्यांत आले. सज्जन होते, बोलण्यांत गोड होते; परंतु होड्या कोठून मिळतात, धान्याच्या कोठीची किल्ली कोणाकडे असते, आजाऱ्यास कोणत्या वाटेनें न्यावें, यांपैकीं कशाचीच त्यांस माहिती नव्हती. प्रत्येक अडचण ते वहींत टिपून घेत आणि "वर कळवितों" असें म्हणत. अखेर ज्याचा जन्म नदीवर गेला होता अशा एका वृद्ध नावाड्यानें होड्यांची पाळी लावून दिली, आणि त्या रात्रीं पलीकडल्या वस्तींतलीं माणसें सुखरूप शाळेंत आलीं.

पाणी ओसरलें, शाळेंतला चिखल आम्हीं उपसला, आणि ऑगस्ट महिना संपतो न संपतो तोंच बातमी आली कीं, अमेरिकेंतील न्यू ऑर्लीन्स हें शहर पाण्याखालीं गेलें. एवढ्या धनाढ्य देशांतले नागरिक छपरांवर बसून दिवसचे दिवस मदतीची वाट पाहत होते! आमच्या खेड्यांतली फजिती मला समजत होती. पण ही कशी समजावी? तेव्हांपासून या गोष्टीचा माग काढण्याचा मला नाद लागला. त्यांतून जें हातीं लागलें तें आज आपणांपुढें ठेवतों.

अमेरिकेंत अरिष्टनिवारणाची एक मध्यवर्ती संस्था आहे. तिच्या इंग्रजी नांवांतील आद्याक्षरांवरून तिला 'फेमा' म्हणतात. पूर्वीं हें काम अनेक कचेऱ्यांत विखुरलेलें होतें. तें एकत्र करून १९७९ सालीं अध्यक्ष जिमी कार्टर यांनीं ही संस्था स्थापन केली. एखाद्या राज्याचें बळ अपुरें पडलें म्हणजे तिनें धांवून जावें, असा संकेत. या संस्थेपाशीं स्वतःचें मोठें सैन्य नसतें. पाणी, अन्न, वाहनें, इंधन, वैद्य, तंबू हें सारें निरनिराळ्या खात्यांकडून व राज्यांकडून गोळा करून योग्य ठिकाणीं योग्य वेळीं पोंचविणें हें तिचें मुख्य कार्य. म्हणजेच तिच्या प्रमुखाचें खरें भांडवल एकच: काय मागावें, कोणाकडे मागावें आणि केव्हां मागावें याचें ज्ञान. हें ज्ञान पुस्तकांतून थोडें मिळतें. बाकीचें पाण्यांत उतरूनच मिळवावें लागतें.

आतां तेथील नेमणुकीची रीत पाहूं. नवा अध्यक्ष अधिकारावर आला म्हणजे सुमारें चार हजार जागा त्याच्या पसंतीनें भरल्या जातात. यांत मुळांतच कांहीं पाप आहे असें नव्हे. लोकांनीं ज्याला निवडून दिलें त्याचें धोरण चालावयाचें, तर धोरण चालविणारीं माणसेंही त्याच्या विश्वासाचीं हवींत. परंतु कांहीं जागा धोरणाच्या असतात आणि कांहीं कसबाच्या असतात. जकात किती बसवावी यावर दोन पक्षांचीं दोन मतें असूं शकतील. बुडणाऱ्यास कसें काढावें यावर पक्षाचें मत तें काय असणार?

मग अशा कसबाच्या जागीं नवखा मनुष्य जातो तरी कसा? याचें कारण या कामाच्या स्वभावांतच आहे. शांततेच्या वर्षांत असलें खातें रिकामें बसल्यासारखें दिसतें. तेथें कोणीही बसविला तरी कांहीं बिघडत नाहीं, असा समज होतो. मास्तराची परीक्षा दर वर्षीं मार्चांत होते. मुलें नापास झालीं कीं मास्तरचें पितळ उघडें पडतें. अरिष्टनिवारणाची परीक्षा मात्र न सांगतां येते, दहा-दहा वर्षांनीं येते, आणि नापास होतात ते परीक्षेला बसलेले नव्हेत, दुसरेच.

फेमाच्या इतिहासांत या गोष्टीचा जणूं प्रयोगच होऊन गेला आहे. आरंभींच्या वर्षांत ही संस्था राजकीय सोयीच्या नेमणुकांसाठीं बदनाम होती. १९८९ सालच्या ह्यूगो वादळांत तिच्या दिरंगाईवर कडक टीका झाली. २४ ऑगस्ट १९९२ रोजीं अँड्र्यू नांवाच्या वादळानें फ्लॉरिडाचा दक्षिण भाग उध्वस्त केला, तेव्हां तीन दिवस वाट पाहून तेथील स्थानिक अधिकारी केट हेल यांनीं वार्ताहरांसमोर उघडपणें विचारलें कीं, मदतीला येणारे आहेत तरी कोठें?

१९९३ सालीं अध्यक्ष क्लिंटन यांनीं जेम्स ली विट यांस प्रमुख नेमलें. विट हे क्लिंटन यांच्याच आर्कान्सा राज्यांतले, त्यांच्या ओळखीचे. म्हणजे हीही ओळखीचीच नेमणूक. पण त्या राज्याचें अरिष्टनिवारणाचें खातें त्यांनीं स्वतः चालविलें होतें. त्यापूर्वीं अशा अनुभवाचा मनुष्य त्या जागीं आला नव्हता. येथें एक गोष्ट माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या माणसानें मुद्दाम सांगितली पाहिजे. विट यांच्यापाशीं महाविद्यालयाची पदवी नव्हती. तेव्हां पात्रता म्हणजे पदव्यांची माळ नव्हे. त्या कामाचा घट्टा हाताला पडलेला असणें ही पात्रता. १९९३ चा मिसिसिपीचा महापूर आणि १९९४ चा कॅलिफोर्नियांतील नॉर्थरिजचा भूकंप या दोन्ही प्रसंगीं संस्थेची चपळाई लोकांनीं पाहिली. मागणीचा कागद येईपर्यंत थांबावयाचें नाहीं, सामग्री आधींच जवळ नेऊन ठेवावयाची, अशी रीत पडली. पूररेषेंतलीं घरें सरकारनें विकत घेऊन माणसें उंच जागीं हलविण्याच्या कामासही वेग आला. १९९६ सालीं या पदाला मंत्रिमंडळाचा दर्जा मिळाला.

२००१ सालीं सत्ता पालटली. अध्यक्ष बुश यांनीं या जागीं जो ऑलबॉ यांस बसविलें. ते बुश यांच्या २००० सालच्या निवडणूक-मोहिमेचे व्यवस्थापक होते. ऑलबॉ यांनीं आपले जुने स्नेही मायकेल ब्राऊन यांस कायदेशीर सल्लागार म्हणून आणलें, आणि ऑलबॉ निघून गेल्यावर २००३ सालीं ब्राऊन हेच प्रमुख झाले. ब्राऊन वकील होते. फेमांत येण्यापूर्वीं बरींच वर्षें ते अरबी घोड्यांच्या एका संघटनेंत, प्रदर्शनांतील परीक्षकांवर देखरेख करण्याच्या जागीं होते. त्याच वर्षीं फेमा ही स्वतंत्र संस्था न राहतां बावीस कचेऱ्या एकत्र करून बनविलेल्या गृहसुरक्षा खात्यांत विलीन झाली. मंत्रिमंडळाचा दर्जा गेला, लक्ष दहशतवादाकडे वळलें, आणि अनुभवी माणसें एकामागून एक बाहेर पडलीं.

इशारा मिळाला नव्हता असें मात्र नाहीं. जुलै २००४ मध्यें 'पॅम' नांवाचें एक काल्पनिक वादळ न्यू ऑर्लीन्सवर आणून फेमाच्याच खर्चानें तालीम घेण्यांत आली होती. शहर बुडेल, हजारों लोक अडकतील, हें सारें त्या तालमींत दिसलें होतें. नंतर २९ ऑगस्ट २००५ च्या सकाळीं कॅटरिना हें खरें वादळ किनाऱ्यास लागलें. बांध फुटले आणि शहराचा सुमारें ऐंशीं टक्के भाग पाण्याखालीं गेला. वादळ किनाऱ्यास लागून पांच तास झाल्यावर ब्राऊन यांनीं वरिष्ठांकडे आणखी एक हजार कर्मचारी मागितले, आणि त्यांस येऊन पोंचण्यास दोन दिवसांची मुदत दिली! शहरांतील सभागृहांत हजारों माणसें अन्नपाण्यावांचून अडकल्याचीं चित्रें जग पाहत होतें; तें आपणांस आजच कळलें, असें १ सप्टेंबरला त्यांनीं सांगितलें. दुसऱ्या दिवशीं अध्यक्षांनीं त्यांची जाहीर पाठ थोपटली. ९ सप्टेंबरला त्यांस परत बोलाविण्यांत आलें आणि १२ तारखेस त्यांनीं राजीनामा दिला. या अरिष्टांतील मृतांचा आंकडा प्रथम १,८३३ धरला जात असे. पुढील फेरगणनेंत तो १,३९२ ठरला.

न्यायाची गोष्ट अशी कीं, सारा दोष या एका माणसाच्या माथीं मारतां येत नाहीं. बांधांच्या रचनेंतच दोष होते, आणि ते बांधले होते लष्कराच्या अभियंत्यांनीं. शहर सोडण्याचा सक्तीचा हुकूम नगराध्यक्षांनीं वादळाच्या आदल्या दिवशीं, २८ तारखेस काढला. ज्यांच्यापाशीं मोटार नव्हती त्यांनीं जावें कसें? आणि २००४ सालीं फ्लॉरिडांत लागोपाठ आलेल्या चार वादळांच्या वेळीं ब्राऊन हेच प्रमुख होते, हेंही खरें. मग नवखेपणाचा दोष तो किती, असें कोणी विचारील.

याचें उत्तर त्याच पुरानें देऊन ठेविलें आहे. अमेरिकेचें तटरक्षक दल त्याच गृहसुरक्षा खात्याखालीं होतें. तोच मंत्री, तोच अध्यक्ष, तेंच वादळ. तरीही त्या दलानें तेहेतीस हजारांहून अधिक माणसें वांचविलीं. तेथें अधिकारी पायरी-पायरीनें, समुद्राचें पाणी चाखीत वर चढतात. हुकुमाची वाट न पाहतां त्यांचीं विमानें उडालीं, कारण काय करावयाचें हें प्रत्येकास अंगवळणीं पडलें होतें. ब्राऊन यांस परत बोलाविल्यावर त्या भागाची सूत्रें दिलीं गेलीं तीं या दलाचे थॅड ॲलन यांच्या हातीं. संस्थेचे नवे प्रमुख म्हणून आले ते डेव्हिड पॉलिसन. तेही पूर्वीं मायामी भागांतील अग्निशामक दलाचे प्रमुख. तहान लागल्यावर विहीर खणली खरी. पण पाणी कोठें लागतें हें यावेळीं बरोबर ओळखलें.

ऑक्टोबर २००६ मध्यें कायदा झाला. संस्थेच्या प्रमुखास अरिष्टनिवारणाचें ज्ञान व सिद्ध झालेली पात्रता असावी, आणि कारभार चालविल्याचा निदान पांच वर्षांचा अनुभव असावा, अशी अट त्यांत घातली गेली. कायद्यावर सही करतांनाच अध्यक्षांनीं या अटीबद्दल नापसंती नोंदवून ठेवली कीं, तिच्यामुळें निवडीचें क्षेत्र अकारण आकुंचित होतें. तरी पुढें २००९ सालीं क्रेग फ्यूगेट हे प्रमुख झाले. ते फ्लॉरिडाच्या अरिष्टनिवारण खात्याचे मुख्य होते आणि उमेदवारींत आग विझविण्याचें काम त्यांनीं केलेलें होतें. मात्र कायद्याच्या भिंतीलाही खिडकी असते. कायम प्रमुख न नेमतां 'कार्यकारी' प्रमुख बसविला कीं अट बाजूस राहते. २०२५ सालीं असेंच झालें. त्या वर्षीं मे महिन्यांत आलेले कार्यकारी प्रमुख पूर्वीं सैन्यांत होते, पण या विषयाचा अनुभव त्यांस नव्हता. जुलैंत टेक्सस राज्यांत ग्वाडालूप नदीस अकस्मात् पूर येऊन शंभराहून अधिक माणसें दगावलीं, तेव्हां संस्थेच्या मंद गतीवर पुन्हां टीका झाली. नोव्हेंबरांत त्यांनीं पद सोडलें. वीस वर्षांपूर्वींचा धडा इतक्या लवकर पुसला गेला.

श्रोते हो, यावरून आपण काय घ्यावें? कोणत्याही देशांत अशा जागीं नेमणूक झाली म्हणजे नागरिकानें तीन गोष्टी विचाराव्या. या मनुष्यानें पूर्वीं एखादें अरिष्ट जवळून हाताळलें आहे काय? त्याच्या हाताखालीं जाणते लोक आहेत काय, आणि तो त्यांचें ऐकतो काय? आणि वाईट बातमी वरिष्ठास ताबडतोब सांगण्याचें धैर्य त्याच्यापाशीं आहे काय? मर्जीनें मिळालेली जागा मर्जीनेंच टिकवावी लागते. म्हणून हें तिसरें धैर्य अशा मनुष्यास सर्वांत जड जातें. आणि हे प्रश्न पाणी चढल्यावर विचारून उपयोग नाहीं. ते कोरड्या दिवसांतच विचारावयास हवेत.

आमच्या शाळेंत आलेल्या त्या गृहस्थांवर माझा राग नाहीं. त्यांनीं ती जागा मागितली नसेल. कोणीतरी त्यांस तेथें पाठविलें. राग असलाच तर पाठविणारावर आहे, आणि तेव्हां कांहीं न विचारणाऱ्या माझ्यासारख्यांवरही आहे. पूर ओसरल्यावर त्यांची बदली झाली. त्या वृद्ध नावाड्यास मात्र पुढल्या पावसाळ्याच्या तयारीसाठीं कोणीही बोलाविलें नाहीं. मीच त्याच्या घरीं गेलों, आणि होड्या कोठें बांधाव्या, पाणी कोणत्या खुणेवर आलें म्हणजे वस्ती हलवावी, हें त्याच्या तोंडून ऐकून शाळेच्या वहींत लिहून घेतलें. ती वही अजून शाळेच्या कपाटांत आहे. आपल्या गांवीं असा एखादा जाणता असेल, तर त्याच्याकडे या उन्हाळ्यांतच जाऊन यावें, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.