ईस्टर कधी मार्चमध्ये, कधी परीक्षेत. असं का?

कानात हेडफोन नसेल तर आजचा भाग इथे वाचा.

2025 चा एप्रिल आठवा. राज्यात पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा 8 ते 25 एप्रिल अशा ठेवल्या होत्या. गुड फ्रायडे आला 18 ला, ईस्टर 20 ला. वसईकडच्या कॅथलिक घरांतली प्राथमिक शाळेतली पोरं शनिवारी रात्री चर्चमध्ये मेणबत्ती धरून बसणार, रविवारी येशूच्या पुनरुत्थानाचा सण, आणि दप्तरात परीक्षेचं वेळापत्रक तसंच! गुड फ्रायडेची सरकारी सुट्टी असते हो, पण उपवासकाळाचा शेवटचा, सगळ्यात मोठा आठवडा पाढे पाठ करण्यात गेला.

आदल्या वर्षी हाच सण 31 मार्चला होता.

नियम एका ओळीच्या कोडसारखा आहे: 21 मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा घ्या, तिच्यापुढचा रविवार म्हणजे ईस्टर. म्हणून तो 22 मार्च ते 25 एप्रिलमध्ये कुठेही पडतो. आपल्या कुरुंद्याच्या भाषेत सांगायचं तर ही पौर्णिमा एकतर होळीची, नाहीतर हनुमान जयंतीची. 2024 ला होळीची लागली. 2025 ला हनुमान जयंती 12 एप्रिलला झाली, चर्चच्या कोष्टकात पौर्णिमा 13 ला. तो नेमका रविवार, मग सण अजून एक आठवडा पुढे. (हो, चर्च कोष्टकातला चंद्र धरतं, आकाशातला नाही.)

2027 ला ईस्टर 28 मार्चला आहे, 2028 ला परत 16 एप्रिलला. शाळेचं वेळापत्रक करणाऱ्यांना हे आजच मोबाईलवर काढता येतं.