कबड्डीतील आक्रमकता आणि दंडविधान

कबड्डी हा अंगाला अंग भिडण्याचा खेळ असल्यामुळे आक्रमकता हा त्याचा प्राण आहे; मात्र जोर कोठे थांबावा हे सांगणारे दंडविधान नसेल, तर या खेळाचे हाणामारीत रूपांतर होण्यास वेळ लागत नाही. गावोगावी वेगवेगळ्या रीतींनी खेळल्या जाणाऱ्या हुतूतूला, म्हणजेच कबड्डीला, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्र आणि बडोदे येथील संस्थांनी लिखित नियमांची चौकट दिली. याच काळात, १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी स्थापन केलेल्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचे प्रात्यक्षिक सादर करून वऱ्हाडातील मातीचा हा खेळ जगासमोर नेला.

नियमांनुसार चढाई करणाऱ्या खेळाडूला हातपाय किंवा धड एवढ्याच ठिकाणी धरता येते. त्याचा दम तोडण्यासाठी तोंड दाबणे, दोन्ही पायांची कैची घालणे किंवा इजा होईल अशी हिंसक पकड करणे निषिद्ध असून, अशा पकडीत सापडलेला खेळाडू बाद ठरत नाही. गैरवर्तनासाठी पंचांजवळ तीन कार्डे असतात: हिरवे ताकीद देते, पिवळे खेळाडूला दोन मिनिटे मैदानाबाहेर बसवते आणि लाल त्याला संपूर्ण सामन्यातून काढून टाकते. निलंबित खेळाडूच्या जागी दुसरा उतरवता येत नसल्याने सात जणांच्या संघाला एक गडी कमी घेऊन झुंजावे लागते, म्हणजेच एकाच्या बेफामपणाची किंमत सारा संघ मोजतो.

अमेरिकन फुटबॉलमध्ये हीच किंमत भूमीच्या रूपाने वसूल होते. तेथे चेंडू बाळगणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकावे लागते. प्रतिस्पर्ध्याच्या शिरस्त्राणाची मुखजाळी धरून त्याला ओढल्यास पंच पिवळे निशाण टाकून १५ यार्डांचा दंड करतात, आणि हे अंतर कबड्डीच्या १३ मीटर लांबीच्या संपूर्ण मैदानापेक्षाही अधिक भरते. मेंदूला होणाऱ्या इजांचे गांभीर्य पुढे आल्यावर तेथील व्यावसायिक संघटनेने डोके खाली करून शिरस्त्राणाने धडक देण्यावर २०१८ मध्ये निर्बंध आणले, तर प्रतिस्पर्ध्याला कमरेशी धरून स्वतःचे वजन त्याच्या पायांवर टाकण्याची पकड २०२४ मध्ये दंडनीय ठरवली.

दंडामुळे खेळ मवाळ होतो हा समज टिकत नाही, कारण कबड्डीत घोट्याची अचूक पकड किंवा साखळी करून केलेली कोंडी यांतील जोर नियमांच्या आतच पूर्णपणे प्रकटतो. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील स्पर्धांच्या आयोजकांनी म्हणूनच बक्षिसांच्या रकमेइतकीच काळजी प्रशिक्षित पंच नेमण्याची घ्यावी, आणि पंचाने दाखवलेल्या कार्डाचा मान गावकीच्या दबावापुढेही राखावा.