रात्री सायकल चालवताय? फक्त निऑन जॅकेटवर विसंबू नका!

ऑफिसमधून रात्री सायकलने परतणारे अनेक जण निऑन जॅकेट घालतात. दिवसा ते उत्तमच, कारण उन्हातल्या अतिनील किरणांमुळे तो रंग उजळतो. रात्री हे किरणच नसतात, त्यामुळे जॅकेट फिकं पडतं. तेव्हा कामी येते रिफ्लेक्टिव्ह पट्टी. हेडलाइटचा प्रकाश जिथून आला तिकडेच ती परत पाठवते. ही पट्टी घोट्यांनाही बांधा. पेडलसोबत वर-खाली होणारी चमक दिसली की पुढे सायकल आहे हे चालकाला चटकन कळतं. ताशी 60 किलोमीटर वेगातली कार दीड सेकंदात 25 मीटर कापते, म्हणून हे ‘चटकन’ महत्त्वाचं. गल्लीतून आडव्या येणाऱ्या गाडीचा हेडलाइट मात्र तुमच्यावर पडतच नाही. तिथे स्वतःचा दिवाच हवा, पुढे पांढरा आणि मागे लाल. आणि हो, पावसाळ्यात लांब रेनकोटने सीटखालचा दिवा झाकला जात नाही ना, तेही निघण्याआधी बघा.