घरच्या संगणकावरून शाळेतील संगणक सुरू करणे

नेर तालुक्यातील शाळांना भेटी देताना कापडाने झाकून कोपऱ्यात ठेवलेले संगणक वारंवार दृष्टीस पडतात. विचारणा केली असता ‘बिघडला आहे’ एवढेच उत्तर मिळते. उघडून पाहिल्यास मॉनिटर, कीबोर्ड, रॅम हे सर्व बहुधा ठीक असते. निकामी झालेली असते ती केवळ हार्ड डिस्क. अशा संगणकाचे नाव निर्लेखनाच्या यादीत घालण्यापूर्वी शिक्षकांनी पुढील उपाय अवश्य करून पाहावा.

संगणक सुरू होताच ऑपरेटिंग सिस्टिमचा शोध घेतो. ती डिस्कवर मिळाली नाही, तर केबलमधूनही मागवता येते. या रीतीस ‘पीएक्सई’ म्हणतात. इंटेल कंपनीने तिचा २.१ हा मसुदा १९९९ साली प्रसिद्ध केला. त्यानंतरच्या बहुतेक संगणकांत ही सोय असतेच. शाळेत पहिल्या दिवशी आलेल्या मुलास आपला हजेरीक्रमांक ठाऊक नसतो आणि वर्गही ठाऊक नसतो. म्हणून ते दारातूनच सर्वांना ऐकू जाईल असे विचारते. संगणकही तसेच करतो. त्यास क्रमांक देणे आणि सुरुवातीची फाइल कोठे आहे ते सांगणे हे डीएचसीपीचे काम; ती फाइल पोहोचवणे हे टीएफटीपीचे. ही छोटी फाइल मग उरलेली सामग्री मागवून घेते.

ही दोन्ही कामे ‘डीएनएसमास्क’ हा एकच विनामूल्य प्रोग्रॅम करतो. मुले शिकून बाहेरगावी गेल्यामुळे घरी पडून असलेल्या संगणकावर लिनक्स व ‘एलटीएसपी’ घातले की तो सर्व्हर झाला. त्याचा पत्ता कायमचा ठरवून द्यावा, स्विचला केबलने जोडावा (एक केबल शंभर मीटरपेक्षा लांब नसावी) आणि इतर संगणकांच्या बायोसमध्ये ‘नेटवर्क बूट’ प्रथम क्रमांकावर ठेवावे. बायोसच्या जुन्या संगणकांस व यूईएफआयच्या नव्या संगणकांस सुरुवातीची फाइल निरनिराळी लागते, हे ध्यानी असावे. वायफायवर ही रीत सामान्यतः चालत नाही.

आता प्रस्तुत लेखकाची फजिती सांगणे भाग आहे. एका शाळेत मी सर्व्हर इंटरनेटच्या राउटरशी एकाच स्विचवर जोडला. राउटरही क्रमांक वाटत असतो, ही गोष्ट विसरलो. दोघेही उत्तरे देऊ लागले. जो प्रथम बोले त्याचे संगणक ऐके. काही यंत्रे सुरू झाली, काही थांबून राहिली, आणि मी दुपारभर केबलला दोष देत बसलो! यास उपाय दोन. राउटर वेगळा ठेवावा, किंवा डीएनएसमास्क ‘प्रॉक्सी’ पद्धतीने चालवावा. म्हणजे क्रमांक राउटर देईल व फाइलचा ठावठिकाणा आपला सर्व्हर सांगेल.

एक लाभ अनुभवाने कळतो. मुलांनी सेटिंग कितीही बिघडवली, तरी संगणक पुन्हा सुरू करताच मूळ स्थिती परत येते. भीती न बाळगता त्यांना हात लावू द्यावा. त्यांचे लेखन मात्र सर्व्हरवर साठवलेले असते. तो अकस्मात बंद पडल्यास सारा वर्ग थांबतो आणि फाइलींनाही इजा पोहोचू शकते. यास्तव यूपीएस प्रथम सर्व्हरला लावावा, आणि दर शनिवारी शाळा सुटण्यापूर्वी मुलांच्या कामाची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी.