दूध आधीच ठरतं!

दोस्तांनो, खरवस कुणाला आवडत नाही? गाय किंवा म्हैस व्याली की पहिल्या एक-दोन दिवसांत जो घट्ट, पिवळसर चीक येतो, त्याचा हा खरवस. पण वासरू जन्मलं आणि लगेच कासेत दूध आलं, असं होतं का? मुळीच नाही! त्याची तयारी आई गाभण असतानाच सुरू झालेली असते.

ही गोष्ट आपण शेळी-मेंढीकडून समजून घेऊ. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत मेंढ्या फारशा दिसत नाहीत. पावसाळ्यात इथे धो धो पाऊस. लोकर सतत ओली, खूर चिखलात. मेंढीला हे मानवत नाही. ती बरी घाटावरच्या कोरड्या माळावर, धनगरांच्या कळपात. इथल्या पाड्यांवर दिसते ती शेळी. पण दोघींचा हिशेब जवळपास सारखाच. साधारण १५० दिवस, म्हणजे पाच महिने गाभणपणाचे.

शेवटचा दीड महिना

पहिले साडेतीन महिने पोटातलं करडू सावकाश वाढतं. मग एकदम घाई! जन्मताना जेवढं वजन असतं, त्यातले तीनापैकी दोन हिस्से शेवटच्या दीड महिन्यात भरतात. त्याच दिवसांत कासेतल्या दूध तयार करणाऱ्या पेशीही भराभर वाढतात. आईच्या शरीरातली आणि वारेतली हॉर्मोन्स त्यांना तसा हुकूमच सोडतात. पेशी जास्त, तर दुधाचा कारखाना मोठा! या दिवसांत आईची उपासमार झाली, तर करडू अशक्त जन्मतं, चीक कमी येतो आणि पुढे दूधही कमीच. नंतर कितीही खुराक दिला तरी ही तूट पुरती भरून निघत नाही.

म्हणूनच जाणते लोक व्यायच्या दीड-दोन महिने आधी दूध काढणं बंद करतात. कासेला विश्रांती मिळते आणि खाल्लेलं सारं पोटातल्या जिवाच्या आणि आईच्या अंगी लागतं.

कॅलेंडर काढा पाहू!

समजा, शेळी १ डिसेंबरला गाभण राहिली. १५० दिवस मोजा. ती ३० एप्रिलच्या सुमारास विणार. म्हणजे तिचा शेवटचा दीड महिना ऐन उन्हाळ्यात! तेव्हा मोखाड्याच्या डोंगरांवरचं गवत वाळलेलं आणि विहिरी तळाला गेलेल्या. आता १ जुलैपासून मोजा. शेळी २७-२८ नोव्हेंबरला विते. तिचा शेवटचा दीड महिना ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो. रानात हिरवा पाला आणि भात-नाचणीची सुगी! शेळी तीच, पण दुधात केवढा फरक.

जुळी झाली तर?

शेळीला जुळी अनेकदा होतात. दख्खनी मेंढीला मात्र बहुधा एकच कोकरू. फलटणच्या निंबकर संस्थेने सुंदरबनातल्या छोट्याशा गॅरोल मेंढीचा जुळी देणारा जनुक दख्खनी मेंढीत आणला. जुळी पोटात असली की आईला दूध जास्त येतं, पण दुप्पट नाही. त्यामुळे प्रत्येक पिल्लाच्या वाट्याला कमीच येतं. अशा आईला खुराक हवाच!

पहिला मान कुणाचा?

करडू जन्मतं तेव्हा रोगांशी लढणारे पदार्थ त्याच्या रक्तात जवळजवळ नसतात. ते मिळतात चिकातून. आणि त्याचं आतडं ते जेमतेम पहिला दिवसभरच शोषून घेऊ शकतं. म्हणून जन्मल्यावर तास-दोन तासांत करडाला चीक पाजायचा. दोन किलोच्या करडाला पहिल्या दिवसात निदान २०० ग्रॅम तरी पाजायलाच हवा.

तुमच्या घरी किंवा शेजारी शेळी गाभण असेल, तर आजच कॅलेंडरवर खूण करा. शेवटचा दीड महिना कधी सुरू होतो ते घरच्यांना सांगा. तिला रोज मूठभर जास्त दाणा आणि ओला पाला द्यायचं काम तुम्हीच घ्या. आणि चिकाचं म्हणाल, तर आधी पिल्लाचं पोट, मग आपली खरवसाची वाटी!