लॉगिन लूप (लिनक्स)

लॉगिन लूप हे लिनक्स या संगणक कार्यप्रणालीत आढळणाऱ्या एका बिघाडाचे प्रचलित नाव आहे. वापरकर्त्याने योग्य पासवर्ड दिल्यानंतर पडदा क्षणभर काळा होतो, डेस्कटॉप दिसतो न दिसतो तोच सत्र कोसळते आणि लॉगिनचा पडदा पुन्हा समोर येतो. पासवर्ड चुकल्यास तसा संदेश मिळतो. येथे बहुधा कोणताही संदेश मिळत नाही. त्यामुळे संगणक निकामी झाल्याचा समज होऊन कार्यप्रणाली नव्याने बसवली जाते आणि त्यात वैयक्तिक फायली नष्ट होण्याचा धोका असतो. वास्तविक या बिघाडात फायली सहसा सुरक्षित असतात.

स्वरूप

लिनक्समध्ये डेस्कटॉप हा कर्नलचा भाग नसतो. केडीई (१९९६) व ग्नोम (१९९७) हे स्वतंत्र प्रकल्प असून त्यांचे डेस्कटॉप वापरकर्त्याच्या नावाने चालणाऱ्या सामान्य प्रोग्रामांचे बनलेले असतात. लॉगिनचा पडदा दाखवण्याचे काम जीडीएम, एसडीडीएम किंवा लाइटडीएम असा वेगळा प्रोग्राम करतो. सत्राची मुख्य प्रक्रिया संपली की तो लॉगिनचा पडदा पुन्हा दाखवतो, मग ती प्रक्रिया वापरकर्त्याने लॉगआउट केल्याने संपलेली असो वा कोसळून.

जुन्या एक्स प्रणालीत डिस्प्ले सर्व्हर आणि डेस्कटॉपचे शेल वेगवेगळे असल्याने शेल कोसळले तरी उघडलेल्या खिडक्या टिकू शकत. वेलँडवर चालणाऱ्या ग्नोममध्ये ही दोन्ही कामे एकच प्रक्रिया करते. ती कोसळली की सत्रही संपते. ग्नोमचे विस्तार याच प्रक्रियेत चालतात. त्यामुळे एखाद्या लहानशा विस्तारातील दोषही साऱ्या डेस्कटॉपला भोवू शकतो.

कारणे

डिस्क पूर्ण भरल्यास सत्राला तात्पुरत्या फायली लिहिता येत नाहीत. हे कारण साधे असूनही हमखास नजरेतून सुटते. ग्राफिक प्रोग्राम 'सुडो' वापरून चालवल्यास होम फोल्डरमधील 'एक्सऑथॉरिटी' किंवा 'आयसीईऑथॉरिटी' या लपलेल्या फायलींची मालकी कधीकधी रूटकडे जाते आणि मग वापरकर्त्याला स्वतःचेच सत्र उघडता येत नाही. कर्नल अद्ययावत झाल्यावर एनव्हिडियाचे ड्रायव्हर मॉड्यूल नव्या कर्नलसाठी तयार न होणे हेही एक कारण आहे.

संगणक सुरू केल्यानंतरचे पहिले लॉगिन व्यवस्थित होते, पण लॉगआउट करून पुन्हा लॉगिन केल्यावर डेस्कटॉप कोसळतो, हा प्रकार वेगळा आहे. येथे आधीच्या सत्रातील प्रक्रिया मागे राहिल्याचा संशय घ्यावा लागतो. सिस्टमडीने २०१६ मध्ये लॉगआउटच्या वेळी अशा प्रक्रिया बंद करणे हे मूळ धोरण केले. परंतु त्यामुळे पार्श्वभूमीवर मुद्दाम चालू ठेवलेली कामेही थांबू लागल्याने डेबियनसह काही वितरणांनी ते स्वीकारले नाही. 'लॉगिनसीटीएल' या आज्ञेने शिल्लक सत्रे पाहता येतात व बंदही करता येतात.

निदान व उपाय

कंट्रोल, ऑल्ट व एफ३ या कळा एकत्र दाबल्यास बहुतेक वितरणांत मजकुरी टर्मिनल उघडते. तेथे लॉगिन झाले, तर खाते व पासवर्ड ठीक असल्याचे सिद्ध होते. 'डीएफ' या आज्ञेने डिस्कवरील मोकळी जागा, तर 'जर्नलसीटीएल'ने प्रणालीच्या नोंदी पाहता येतात. कोसळण्याच्या अगदी आधीच्या नोंदींत दोषी प्रोग्रामचे नाव पुष्कळदा सापडते.

नोंदींतून उलगडा न झाल्यास नवे तात्पुरते खाते उघडून पाहणे ही सर्वांत उपयुक्त चाचणी होय. नव्या खात्यात डेस्कटॉप चालला, तर दोष जुन्या खात्याच्या होम फोल्डरमध्ये किंवा त्याच्या शिल्लक प्रक्रियांमध्ये असतो. तेथेही कोसळला, तर ड्रायव्हर, पॅकेज किंवा भरलेल्या डिस्ककडे वळावे लागते. मालकी बदललेली असल्यास ती 'चोन' या आज्ञेने परत घेता येते. संशयित सेटिंग फायली पुसून न टाकता त्यांचे नाव बदलणे हितावह ठरते, कारण 'कॉन्फिग' या लपलेल्या फोल्डरमध्ये डेस्कटॉपखेरीज इतर अनुप्रयोगांचीही माहिती असते. क्रोमियम ब्राउझरचे बुकमार्क त्यातच साठवलेले असतात.